पंखा फिरतोय, काटा चढतोय

तिला भित्री म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. गल्लीत सगळे म्हणतातच. पण आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेसहाला, तीन आजारी माणसं गाडीत बसवून अख्खा डोंगर चढायचा आणि आठच्या आत पलीकडच्या दवाखान्यात उतरवायची, हे काम तुमच्या गळ्यात पडलं असतं ना, तर तुम्हीही स्टिअरिंग असंच दोन्ही हातांनी आवळून बसला असता.

तिघांच्याही किडन्या कामातून गेलेल्या. एक दिवसाआड मशीनला लावून रक्त धुवून घ्यायचं, चार तास पडून राहायचं, मग परत. मशीन सहा आणि माणसं ढीगभर, त्यामुळे आठची पाळी चुकली की पाचव्या मिनिटाला तिथे दुसरा कुणी झोपलेला असतो. पाळी चुकली की अंगात पाणी साठतं. पायात साठतं, पोटात साठतं, शेवटी छातीत चढतं. मास्तरांच्या बाबतीत तर डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, यांचं हृदय आधीच दमलंय. यांना उशीर परवडणार नाही."

मास्तर म्हणजे निवृत्त शिक्षक, एकाहत्तर वर्षांचे, पुढच्या सीटवर बसणारे. मागे शिंपीणकाकू, ज्यांनी निम्म्या गावाचे कपडे शिवले आणि आता स्वतःचे कपडे सैल होत चाललेत म्हणून रोज नवी टाचणी लावतात. त्यांच्या शेजारी पोस्टमन. हा माणूस बोलायचा थांबत नाही, मशीनवरसुद्धा नाही. तिघंही तिला ताई म्हणायचे.

आता ती ड्रायव्हर झाली कशी, हे सांगायला हवं. गाडी तिच्या नवऱ्याची. बावीस वर्षं त्यानं ती चालवली. इंजिन नुसतं ऐकून दुखणं सांगायचा म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत. गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच हा घरात बसून सांगणार, "डावीकडचं मागचं बेअरिंग गेलंय बघ." आणि गेलेलंच असायचं. तीन वर्षांपूर्वी साखरेनं त्याच्या डोळ्यांचा पडदा खराब केला. एके दिवशी तो गाडी घेऊन आला, चावी तिच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "आता तू." बस, एवढंच. मग रिकाम्या मैदानात तिला शिकवलं. काय ओरडायचा! ती रडायची, क्लच सोडायची, गाडी बंद पडायची, पुन्हा ओरडायचा. पण शिकली. स्टिअरिंग तिच्याकडे आलं तरी बॉनेटला मात्र त्यानं कुणाला हात लावू दिला नाही. तेल, पाणी, प्लग, पट्टा, सगळं तोच बघणार. गाडी गॅरेजला न्यायची गोष्ट काढली की त्याचं तोंड उतरायचं आणि दोन दिवस घरात कुणी बोलायचं नाही.

आणि डोळे? "जरा धूसर आहे, एवढंच," तो म्हणायचा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तो एकटाच आत जायचा. "तू बाहेर बस, उगाच गर्दी नको." ती बाहेर बसायची. आत काय झालं हे त्यानं सांगितलं नाही, तिनंही खोदून विचारलं नाही. घरात तो व्यवस्थित वावरायचा. चहा करायचा, दाढी करायचा, नळाचा वायसर बदलायचा. मग विचारायचं तरी काय?

दोन महिन्यांपूर्वी गाडीचा पंखा जाम झाला. रेडिएटरमागे जो विजेचा पंखा असतो तो. इंजिनचं पाणी रेडिएटरमध्ये येतं, पंखा समोरून हवा ओढून घेतो, पाणी निवतं, इंजिन शांत. पंखा मेला की सगळंच बोंबललं. उस्ताद शेजाऱ्याला घेऊन भंगारबाजारात गेला आणि जुनी पण चांगली मोटर शोधून आणली. तिचा प्लग काही गाडीच्या प्लगला बसेना. मग त्यानं दोन्हीकडच्या वायरी कापल्या, पिळून जोडल्या आणि वरून टेप गुंडाळली. अख्खी दुपार अंगणात बॉनेटखाली वाकून बसला होता. ती पायरीवर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"कर चालू!" तो ओरडला.

तिनं चावी फिरवली. पंखा भर्रकन सुरू झाला. काय तो आवाज! उस्तादानं कान लावून ऐकला, पाती कुठे घासत नाहीत ना बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी मनापासून हसला. "बघ. अजून हातात आहे माझ्या." ती पण हसली. त्या दिवशी तिला खरंच बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी चढाला तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर गेला.

तिनं संध्याकाळी सांगितलं. उस्तादानं गाडी अंगणात अर्धा तास चालू ठेवली. काटा जागचा हलला नाही. "कुठे तापतेय? तू पहिल्या गिअरमध्ये रडवत नेत असशील." पुढच्या फेरीला पुन्हा तेच. मग त्यानं रेडिएटरचं झाकण बदललं. मग पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून फेकला. मग रेडिएटर आतून धुतला, गंजाचं लाल पाणी बादलीभर निघालं, तेव्हा त्याला वाटलं सापडलं एकदाचं. काटा चढायचा थांबेना. शेवटी त्यानं पंख्याची वायर थेट चावीला जोडली, म्हणजे गाडी सुरू असेपर्यंत पंखा सुरूच. "आता बघू कशी तापते." आणि गंमत बघा, त्यानंतर काटा आधीपेक्षा लवकर चढायला लागला. सपाटीला ठीक, उभ्या गाडीला ठीक, हळूहळू चढ लागला की निघालाच वर.

"पंखा फिरतोय ना?" तो विचारायचा.

"फिरतोय."

"मग पंख्याचं नाव काढू नकोस."

एक तोड मात्र त्यानं सांगितली ती लागू पडायची. चढाला हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनची उष्णता आत माणसांच्या अंगावर येते आणि काटा दोन बोटं खाली उतरतो. भर उन्हाळ्यात ती हीटर लावून डोंगर चढायची. घामाच्या धारा लागायच्या, ब्लाउज पाठीला चिकटायचा, आणि ते तिघं? तिघंही खूश! अंगात रक्त कमी, त्यामुळे त्यांना बाराही महिने थंडी. शिंपीणकाकू शाल बाजूला ठेवायच्या. पोस्टमन म्हणायचा, "ताई, एवढी सोय तर सरकारनं चाळीस वर्षांत केली नाही माझी!" एकानं जरी म्हटलं असतं की बाई, भाजून काढताय का आम्हाला, तर तिला कुठेतरी गॅरेज गाठावंच लागलं असतं. कुणी म्हटलं नाही. उलट दुवा दिल्या.

म्हणून ती दर पाळीला तशीच जात राहिली. एक डोळा रस्त्यावर, एक काट्यावर. रात्री झोपेतही तिला तो काटा दिसायचा.

तो दिवस आला तेव्हा मास्तर मुळातच वाईट अवस्थेत होते. मागच्या पाळीला मशीनच बिघडलं होतं, त्यामुळे चार दिवसांचं पाणी अंगात. चपला पायात जाईनात म्हणून हातात घेऊन आले. दोन वाक्यं बोलले की थांबून श्वास घ्यायचे. सीटवर बसवताना त्यांच्या दंडाला हात लावला तर बोटांचे खड्डे तसेच राहिले.

"आज वेळेवर पोचाल ना?" मास्तरांच्या सुनेनं खिडकीशी येऊन विचारलं.

"पोचणार म्हणजे पोचणार," ती म्हणाली. तोंड आपलं बोलून जातं.

दुसऱ्या वळणाला पुढे सिमेंटचा ट्रक आला. मुंगीच्या पावलानं चाललेला. ओलांडायला जागा नाही, मागे फिरायला जागा नाही. काटा अर्ध्यावर आला. तिनं हीटर पूर्ण सोडला. काटा पाऊण झाला. तिनं हॉर्न दिला, ट्रकवाल्यानं हात बाहेर काढून 'थांबा' केलं. आपण काही पुटपुटतोय हे तिच्या लक्षात आलं, 'उतर रे बाबा, उतर रे बाबा', काट्यालाच म्हणत होती. मास्तरांचा श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला होता. गाडी थांबवावी तर पाळी चुकते, न थांबवावी तर इंजिन जाम होऊन गाडी कायमची थांबते. कुठल्या भीतीचं ऐकायचं?

काटा लाल पट्ट्यात शिरला आणि बॉनेटच्या फटीतून पांढरी वाफ निघाली. आता ऐकायला काही उरलंच नाही. तिनं गाडी कडेला घेतली. सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

पोस्टमन टुणकन खाली उतरला. "झाकण उघडतो, वाफ जाऊ दे!"

"हात लावाल तर खबरदार!" ती अशी किंचाळली की तो दोन पावलं मागेच गेला. उकळतं पाणी तोंडावर उडालं असतं त्याच्या. पण तिचा स्वतःचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

तिनं दवाखान्यात फोन लावला. रुग्णवाहिका दुसऱ्या टोकाला गेलीय, दीड तास लागेल. मग घरी लावला.

"पंखा फिरतोय का?" उस्तादानं विचारलं.

तिनं बॉनेट उचलून वाफेतून वाकून बघितलं. "फिरतोय. चांगला जोरात फिरतोय."

"मग पंखा नाही. पाण्याचा पंप गेला असणार. घाबरू नकोस, थंड होऊ दे, पाणी घाल, हळूहळू ने." आवाजात इतका विश्वास, की तिला क्षणभर धीर आला. मग तिनं मास्तरांकडे बघितलं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. शिंपीणकाकू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. पोस्टमन गप्प होता. तो गप्प झालेला बघून मात्र तिच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या गाडीत माणूस जाणार, तिला वाटलं. माझ्या हातून जाणार.

तिनं रस्त्याच्या मधोमध उभं राहून येईल त्याला हात करायला सुरुवात केली. एक मोटार वळसा घालून निघून गेली. दुसरी तर थांबण्याचा आव आणून गेली, मेल्याचं बरं होईल! तिसरा आला तो पाण्याचा टँकर. थांबला. आतून पोट सुटलेला एक आडदांड माणूस उतरला, एक शब्द न विचारता बॉनेटपाशी गेला.

"यांना तुमच्या टँकरमधून न्या," ती म्हणाली. "हात जोडते."

त्यानं मास्तरांकडे बघितलं, मग आपल्या उंच केबिनकडे. "बाई, हे वर चढणार कसे? चढवताना इथेच काहीतरी व्हायचं. दहा मिनिटं द्या मला. चावी अर्धी फिरवून ठेवा, इंजिन नको, नुसता पंखा चालू राहू दे."

तिनं तसं केलं. तो गाडीच्या नाकासमोर उभा राहून टॉवेलनं मान पुसू लागला. पुसता पुसता थांबला. स्वतःच्या पोटाकडे बघितलं. शर्ट फडफडत होता.

"अहो, मला वारा कसा लागतोय?"

तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"पंख्यानं समोरून हवा आत ओढायची. इथे मला वारा लागायलाच नको." त्यानं टॉवेलचं टोक जाळीपुढे धरलं. जाळीला चिकटायच्या ऐवजी ते बाहेर उडत राहिलं. "हात्तिच्या! तुमचा पंखा उलटा फिरतोय. गाडी पुढे जाताना समोरून हवा आत यायला बघते आणि हा गडी तिला बाहेर ढकलतो. दोघं अडून बसतात. उभ्या गाडीत कळणार नाही तुम्हाला, उभ्या गाडीत थोडंफार निवतं. चढाला मेलात."

चावी बंद करून त्यानं हात आत घातला, टेप सोडली आणि तिला जवळ बोलावलं. गाडीकडून आलेली लाल वायर मोटरच्या काळ्या वायरला जोडलेली. काळी लालला. जोड मात्र बघण्यासारखा होता, पीळ घट्ट, टेप एकसारखी, बावीस वर्षांचा हात.

"कुणी जोडलंय हो हे? डोळे मिटून जोडलंय की काय!" टँकरवाला हसला.

ती हसली नाही. जोडलं तेव्हा भर दुपार होती. लख्ख ऊन. लाल आणि काळ्यात काय धूसर असतं?

"एक मिस्त्री आहे," ती म्हणाली.

"त्याला म्हणावं दुसरं काम बघ."

वायरी अदलाबदल करायला दोन मिनिटं लागली. इंजिन निवायला वीस. त्या वीस मिनिटांबद्दल मी काही सांगत नाही, कारण तिलाही ती नीट आठवत नाहीत. मास्तरांचा हात हातात धरून ती श्वास मोजत होती, एवढंच. मग टँकरवाल्यानं फडक्यानं झाकण हळूहळू सोडलं, इंजिन सुरू ठेवून थोडं थोडं पाणी घातलं, आणि म्हणाला, "जा. मी मागे आहे." खरंच शेवटपर्यंत मागे राहिला. काटा अर्ध्याला आला आणि तिथेच थांबला. उरलेल्या चढाला हललासुद्धा नाही.

आठ चाळीसला सगळे पोचले. सिस्टर दारातच कडाडली, पण मास्तरांना बघताच तोंड मिटलं तिचं. नाकाला ऑक्सिजन, धावपळ, कुणालातरी उठवून मशीन रिकामं केलं. तासाभरानं सिस्टर बाहेर आली. "पाणी फुप्फुसात उतरायला लागलं होतं. आता ठीक आहेत. अजून अर्धा तास गेला असता तर मला विचारू नका."

तेव्हा ती जाऊन गाडीत बसली आणि काचा वर करून ढसाढसा रडली.

रडून झाल्यावर भीती जाईल असं तिला वाटलं होतं. ती गेली नाही, नुसती जागा बदलून बसली. गेल्या वर्षभरातलं एकेक आठवायला लागलं. वर्तमानपत्र वाचायचं त्यानं कधी सोडलं? तू वाच गं, तुझा आवाज बरा आहे, म्हणाला होता. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट धरतो. रंगीत शर्ट देऊन टाकले, सगळे पांढरेच बरे दिसतात म्हणाला. नातवाचा फोटो आला तेव्हा उलटा धरून 'अगदी आजोबांवर गेलाय' म्हणाला आणि ती चेष्टा समजून हसली होती. तिला सगळं दिसलं होतं. तिचे डोळे तर चांगले होते ना? मग?

परतीच्या वाटेवर काटा जागेवर होता, म्हणून तिनं हीटर लावलाच नाही. पाच मिनिटांत मागून पोस्टमनचा आवाज आला, "ताई, गाडी दुरुस्त झाली पण आम्ही गारठलो की हो!" तिनं हीटर लावला.

घरी पोचली तेव्हा चार वाजले होते. उस्ताद ओट्यापाशी उभा होता. गाडीचा आवाज त्यानं ऐकलाच होता.

"पंपच होता ना?" त्यानं विचारलं.

मनात तिनं वाटभर उत्तर तयार केलं होतं. हो म्हणायचं. पंप होता, बदलला, झालं. माणसाकडे उरलंय काय, ते तरी राहू दे. पण मास्तरांचे निळे ओठ डोळ्यांपुढून हलेनात.

"पंखा उलटा फिरत होता," ती म्हणाली. "वायरी उलट्या होत्या. लालला काळी. मास्तर आज जाता जाता वाचले."

त्यानं ओटा धरला. मग चाचपून खुर्ची ओढली आणि बसला. आज चाचपणं लपवलं नाही.

"एक जाड होती, एक बारीक होती," तो हळूच म्हणाला. "जाड ती लाल असणार, असं धरलं. तुला हाक मारणार होतो. तू पायरीवरच होतीस."

"मग मारली का नाही?"

"तू विचारलं असतंस."

तिचा संताप उसळून आला. चार माणसं, ती ओरडली, मी धरून चार माणसं त्या गाडीत, आणि तुम्हाला एक हाक मारता आली नाही? आजपासून बॉनेटला हात लावायचा नाही, ऐकलंत? गाडी गॅरेजला जाईल. तो मान खाली घालून ऐकत होता, एका शब्दानं उलटला नाही, आणि त्याचं हे न उलटणंच तिला सहन होईना. ती ओरडता ओरडता थांबली. मैदानात तिला शिकवताना याच माणसाचा आवाज दुसऱ्या टोकापर्यंत जायचा.

"मीच विचारलं नाही," ती म्हणाली. "मीही घाबरत होते."

तिनं ओट्याला टेकून त्याच्याकडे बघितलं.

"किती दिसतं तुम्हाला?"

त्यानं मान वर केली. खोटं सांगायला तोंड उघडलं, हे तिला कळलं, आणि मग ते त्यानं सोडून दिलं हेही कळलं. "खिडकी कळते. बाहेर ऊन असलं तर. दिवा लागला की कुठे आहे ते कळतं."

"आणि मी?"

"तू बोललीस की कळतेस."

ती तशीच उभी राहिली. आवाज फुटत नव्हता. मग बघितलं तर तो खुर्चीत ताठ झाला होता, मान या बाजूला, त्या बाजूला वळवत होता, तिला शोधत होता. चेहऱ्यावर उघडी भीती.

"मी इथेच आहे," ती घाईघाईनं म्हणाली. "इथेच आहे, ओट्याजवळ. ऐका. सकाळी दुसऱ्या वळणाला पुढे सिमेंटचा ट्रक आला..." आणि तिनं सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं, न थांबता.